आधी काळोख, मग ठिपके

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश तो पडद्यावर सोडतो, त्यांच्या मिश्रणातून पांढऱ्यासकट बाकीचे सगळे रंग उभे करतो. काळ्यासाठी मात्र त्याच्याकडे एकच उपाय आहे, त्या जागी काहीही न टाकणे. मग तिथे दिसतो तो नुसता पडदा, खोलीतल्या उजेडात जसा असेल तसा. दुपारी खिडक्या उघड्या आहेत, ट्यूबलाइट चालू आहे आणि प्रोजेक्टर अजून बंद आहे, अशा वेळी भिंत ज्या पांढुरक्या रंगाची दिसते तोच त्या दुपारच्या चित्रातला सर्वांत गडद काळा. नायिकेचे केस, अमावास्येचे आभाळ, आलेखाची रेघ यांतले काहीही त्या भिंतीपेक्षा काळे होऊ शकत नाही. टीव्हीचे तसे नसते, कारण त्याची काच मुळातच काळसर असते आणि खोलीतला बराचसा उजेड ती गिळून टाकते. पडदा उलट स्वभावाचा. पडेल तो उजेड परत फेकणे हेच त्याचे काम, आणि प्रोजेक्टरचा उजेड कुठला, खिडकीचा कुठला, हा भेद त्याला कळत नाही. रेझोल्यूशन आणि चित्राचा दर्जा यांवरचे पुस्तक खरे तर ठिपक्यांच्या संख्येपासून सुरू व्हायला हवे. दुकानातली चर्चा तिथूनच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. चांगल्या चित्राचा पाया ठिपके नाहीत, पडदा किती काळा राहू शकतो हा आहे, असे या प्रस्तावनेचे म्हणणे असल्यामुळे सुरुवात पडद्यापासून केली.

तरीही ठिपक्यांना त्यांचा मान द्यायला हवा. रेझोल्यूशन म्हणजे चित्र किती आडव्या आणि किती उभ्या ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, विभागले आहे त्याची मोजणी. शाळा-कॉलेजांत वर्षानुवर्षे चाललेल्या एक्सजीए यंत्रात १०२४ बाय ७६८, म्हणजे पावणेआठ लाखांहून थोडे अधिक ठिपके असतात. फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे जवळपास एकवीस लाख. घरगुती ४केत ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास. इथवर हिशेब सरळ आहे. गोंधळ सुरू होतो तो खोक्यावर, ‘सपोर्ट’ या शब्दाशी. ‘१०८०पी सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच की फुल एचडीचा सिग्नल यंत्र घेऊ शकते. आतल्या पॅनेलवर खरोखर किती ठिपके आहेत हे त्यातून कळत नाही. ते कळते ‘नेटिव्ह’ या शब्दापुढच्या आकड्यातून, आणि तो आकडा स्वस्त यंत्रांत पुष्कळदा ८०० बाय ४८० असतो. हे झाले ३ लाख ८४ हजार ठिपके, फुल एचडीच्या एक पंचमांशाहूनही कमी. आलेल्या एकवीस लाखांतले बाकीचे यंत्र एकमेकांत मिसळून टाकते. पोत्यावर बासमती लिहिलेले असावे आणि आत कणी निघावी, तशातला हा प्रकार. कायद्याने कदाचित खोटा नाही, पण गिऱ्हाइकाने खोटेच समजावे असा.

४केच्या बाबतीत मामला थोडा नाजूक आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधले लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सूक्ष्म आरशांची एक चिप बनवली. प्रत्येक आरसा एका ठिपक्याचा धनी, आणि तो सेकंदाला हजारो वेळा कलून प्रकाश भिंगाकडे पाठवतो किंवा बाजूला वळवतो. डीएलपी यंत्रांचे हृदय ते हेच. आज घरगुती ४के म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ डीएलपी यंत्रांतल्या चिपवर आरसे मात्र फुल एचडीइतकेच, १९२० बाय १०८० असतात. चिपनंतर प्रकाशाच्या वाटेत एक हलणारी काच असते. ती संपूर्ण चित्र अर्ध्या ठिपक्याने सरकवते आणि एकेका फ्रेमच्या अवधीत चार जागी चार वेगवेगळी चित्रे टाकते. डोळा ती एकत्र पाहतो. मग हे खरे ४के की खोटे? पडद्यावर ८३ लाख वेगवेगळ्या जागी वेगवेगळी माहिती पोचते, त्या अर्थाने खरे. पण सरकवलेला प्रत्येक ठिपका आपल्या हिश्श्याच्या जागेपेक्षा मोठा असतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकतो, त्यामुळे अगदी बारीक रेघांमधला फरक मऊ पडतो. सोनी आणि जेव्हीसी यांच्या महाग यंत्रांत खरोखरच ४केइतक्या ठिपक्यांचे पॅनेल बसवलेले असते. दोन्ही शेजारी ठेवून नाक लावून पाहिले तर फरक दिसतो. सोफ्यावर बसून चेहरे आणि डोंगर पाहायचे असतील तर या वादावर शौकीन मंडळी जेवढा वेळ घालवतात तेवढा घालवण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

हे म्हणणे चवीपुरते नाही, त्याला डोळ्याचे गणित आहे. निरोगी नजरेला साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. शंभर इंची पडदा घेऊ, रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर, उंची सुमारे १२५. फुल एचडीत त्यावरचा एक ठिपका साधारण १.१५ मिलिमीटरचा होतो आणि तो चार मीटरवरून बरोबर एका कलेत बसतो. म्हणजे तेरा फुटांवर बसलेल्या माणसाला फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसेनासे होतात. ४केचा पूर्ण फायदा हवा असेल तर त्याच पडद्यासमोर साडेसहा फुटांवर येऊन बसावे लागते. मुंबई-पुण्याच्या बैठकीच्या खोलीत माणसे या दोन अंतरांच्या मध्येच कुठेतरी बसतात, म्हणून ४के निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. पण ठिपके चौपट झाले म्हणून चित्र चौपट चांगले दिसते, हेही खरे नाही.

आणि डोळ्याला दिसू शकते त्याची सीमा ही एक गोष्ट, डोळा ज्यावर जगतो ती दुसरी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या दाखवून नजर तपासली की असे आढळते की एका अंशात साधारण तीन ते पाच जोड्या असतील तेव्हा डोळा सर्वांत तल्लख असतो. पट्ट्यांमधला एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरकही तेव्हा त्याला पकडता येतो. अंशात तीस जोड्या झाल्या की, आणि एका कलेची मर्यादा ती हीच, पट्ट्या कडकडीत काळ्या-पांढऱ्या असल्या तरच त्या दिसतात. आपल्या शंभर इंची पडद्यावर, चार मीटरवरून, डोळ्याच्या आवडीची पट्टी सात ते बारा मिलिमीटर रुंद पडते. फुल एचडीच्या सहा ते दहा ठिपक्यांएवढी. नऊवारीची चुणी, कपाळावरची आठी, सह्याद्रीच्या कड्यावरची सावली यांचा ओळखू येणारा आकार बहुतेक वेळा याच मापात असतो. तिथे ठिपके आधीच पुरून उरतात. कमी पडतो तो उजळ आणि गडद यांमधला फरक, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. चित्र ‘खोल’ किंवा ‘उठावदार’ वाटते असे आपण म्हणतो तेव्हा बव्हंशी याच मापातल्या फरकाबद्दल बोलत असतो, आणि त्याचे श्रेय भलत्यालाच, बारीक ठिपक्यांना, देऊन बसतो. चित्राची जुळणी करणाऱ्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देणारे अमेरिकेतले इमेजिंग सायन्स फाउंडेशन दर्जाचा क्रम लावताना उजेड-काळोखाचा पल्ला पहिला धरते, मग रंगांचा गडदपणा, मग रंगांचा अचूकपणा, आणि रेझोल्यूशन चौथे.

आता हा फरक खोलीत कसा मरतो ते पाहू. शंभर इंची पडद्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर ३००० लुमेनचे, प्रामाणिकपणे मोजलेले यंत्र पांढरा प्रकाश टाकते तेव्हा पडद्यावर सुमारे १०९० लक्स उजेड पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग घ्या, खिडक्या उघड्या. मुलांना वहीत लिहायचे आहे, म्हणून बाकांवर ३०० लक्स तरी हवेत; त्यातले २०० पडद्यावर पोचले असे धरू. पांढऱ्या जागी १०९० अधिक २००, काळ्या जागी नुसते २००. गुणोत्तर साडेसहास एक. यंत्राच्या माहितीपत्रकात २०,००० : १ छापलेले असो की दहा लाखास एक, वर्गात पोचतो तो साडेसहाच. सभागृहांतल्या प्रोजेक्टरसाठी अमेरिकेत २०११ मध्ये एक मानक ठरले. त्यानुसार पाहून साधारण कळले तरी पुरे अशा वापरासाठी किमान ७ : १ हवे, वाचून निर्णय घ्यायचा असेल तर १५ : १, बारकावे तपासायचे असतील तर ५० : १ आणि चलच्चित्र नीट पाहायचे असेल तर ८० : १. आपला वर्ग पहिल्या पायरीच्याही खाली राहिला. आता त्याच वर्गाच्या खिडक्यांना जाड कापड लावा आणि पडद्यावर पडणारा परका उजेड २० लक्सवर आणा. यंत्र तेच, ठिपके तेवढेच, आणि गुणोत्तर पन्नासच्या वर जाते. मराठीत प्रोजेक्टरसमोरचाही पडदाच आणि खिडकीवरचाही पडदाच. भाषेने दोघांना एका नावात बांधले ते उगाच नव्हे, असे म्हणायचा मोह होतो. निदान अंदाजपत्रकात तरी दोघांना एकाच ओळीत बसवावे. लोकवर्गणीतून शाळेत प्रोजेक्टर येतो, देणाऱ्यांच्या नावाची पाटी लागते, खिडकीच्या कापडाला मात्र देणगीदार मिळत नाही.

लुमेनच्या बाबतीत ‘प्रामाणिकपणे मोजलेले’ हे शब्द मुद्दाम घातले. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची, ही एएनएसआय लुमेनची रीत. ‘अन्सी लुमेन’ म्हणून बाजारात बोलले जाते ते हेच. पुढे आयएसओचे २१११८ क्रमांकाचे मानक आले, तेही याच वळणाचे. नुसते ‘लुमेन’, ‘एलईडी लुमेन’, ‘लक्स’ असे लिहिलेले पाच आकडी नंबर या कसोट्यांना बांधील नसतात. हातात मावणाऱ्या एखाद्या यंत्राचा खरा उजेड २०० लुमेन भरला, तर शंभर इंचांवर त्याचे बहात्तर-त्र्याहत्तर लक्स होतात, आणि कापड लावलेल्या आपल्या वर्गातही त्याचे गुणोत्तर पाचाच्या आतच राहते. निजायच्या खोलीत, रात्री, दिवे घालवून तेच यंत्र सुखाने चालते. यंत्र वाईट नसते, त्याला नेमून दिलेले काम चुकीचे असते.

पडद्यावरच्या चित्रांचा आपल्याकडचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र १८९०च्या दशकापासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर काळोखात बसलेले प्रेक्षक. त्या काचांना ठिपके नव्हते; होते ते चित्रकाराच्या कुंचल्याचे टोक. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या फिल्मा दाखवल्या गेल्या, त्याही अंधाऱ्या खोलीत. पुढे जत्रांतून तंबू थिएटरे फिरली, गणेशोत्सवात गल्लीत दोन बांबूंना कापड बांधून सिनेमे लागले. त्या कापडातून प्रकाश आरपार जाई, म्हणून पलीकडे बसलेल्यांनाही सिनेमा दिसे, फक्त पाट्या उलट्या. म्हणजे आधीच तोकडा असलेला उजेड दोन बाजूंत वाटला जाई. प्रतही मूळ निगेटिव्हच्या नकलेची नक्कल, ओरखड्यांनी भरलेली. चित्र तरीही लोकांना पुरले, कारण सिनेमा रात्री लागत असे. आजच्या मल्टिप्लेक्सकडे पाहा. डिजिटल सिनेमाचे तपशील हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून जुलै २००५ मध्ये ठरवले. त्यात २०४८ बाय १०८० आणि ४०९६ बाय २१६० अशी दोन मापे आहेत. पहिले माप, ज्याला २के म्हणतात, घरच्या फुल एचडीपेक्षा रुंदीत फक्त १२८ ठिपक्यांनी मोठे. अशा यंत्राने चाळीस फूट रुंद पडदा भरला तर एक ठिपका सुमारे सहा मिलिमीटरचा होतो. मधल्या रांगेतल्या माणसाच्या नजरेला तो तत्त्वतः वेगळा दिसायला हवा, पण तिकिटाचे पैसे परत मागायला कोणी जात नाही. त्याच तपशिलात पडद्याची उजळी ४८ कँडेला प्रति चौरस मीटर इतकीच मागितलेली आहे, साध्या टीव्हीच्या मानाने कितीतरी मंद. ही उजळी तिथे पुरते, कारण काळ्या भिंती, काळे छत आणि गडद खुर्च्या मिळून तिला स्पर्धकच ठेवत नाहीत.

या युक्तिवादावर एक आक्षेप असा येतो, आणि तो वजनदार आहे: सिनेमाचे ठीक, पण अक्षरांचे काय? तिथे रेझोल्यूशनच राजा नाही का? हो, तिथे ते पुष्कळ पुढे सरकते, आणि देवनागरीत तर रोमनपेक्षा अधिक. रोमन अक्षर एका पट्ट्यात उभे राहते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, पायमोडके, जोडाक्षरे. तेवढ्याच उंचीच्या ओळीत आपण मजले जास्त बांधतो. फुल एचडीच्या पानावर दोन-तीन ठिपक्यांचा असलेला अनुस्वार ८०० बाय ४८०च्या यंत्रावर उतरतो तेव्हा चित्र २.४ पटींनी आकसते आणि तो अनुस्वार जेमतेम एका ठिपक्याचा उरतो, तोही शेजाऱ्यात मिसळून करडा झालेला. मग ‘वंश’ आणि ‘वश’, ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक उरत नाही. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ शेवटच्या बाकावरून सारखेच डाग. मराठी मजकूर, हिशेबाचे तक्ते, नकाशे दाखवायचे असतील तर १२८० बाय ८००च्या खाली जाऊ नये, जमल्यास फुल एचडीच घ्यावे, हा सल्ला पुस्तकात पुढे अनेकदा येईल. पण त्या करड्या अनुस्वाराकडे पुन्हा पाहावे. काळोख्या खोलीत तो निदान करडा दिसतो. साडेसहास एक गुणोत्तराच्या वर्गात काळी अक्षरेच करडी होतात, तेव्हा करड्या अनुस्वाराला जागाच राहत नाही. ठिपके वाढवून तो परत येईल, पण अर्धाच.

दुसरे म्हणणे ऐकू येते ते असे की जास्त ठिपके असल्याने नुकसान तर नाही ना, मग पैसे असतील तर का घेऊ नयेत? पैसे अमर्याद असतील तर अवश्य घ्यावेत. तसे ते नसतात, आणि एका ठरावीक रकमेत ठिपके विकत घेतले की काहीतरी सोडावे लागते: दिव्याची ताकद, भिंगाची काच, पॅनेलचा काळेपणा. भिंग सुमार असेल तर कोपऱ्यातल्या ठिपक्यांच्या कडा विरघळतात आणि ४के नुसते खोक्यावर राहते. त्यात भर कीस्टोनची. यंत्र टेबलावर तिरपे ठेवले की चित्र वरती रुंद, खाली अरुंद होते. मग बटण दाबून ते डिजिटल रीतीने सरळ केले जाते. या दुरुस्तीत यंत्र पॅनेलचे कडेचे ठिपके अंधारे करून उरलेल्यांत सगळे चित्र दाबून बसवते. म्हणजे पैसे मोजून घेतलेले ठिपके फुकट जातात, आणि अंधारे ठेवलेलेही थोडा प्रकाश झिरपवतातच, म्हणून चित्राभोवती करडी किनार उरते. स्टँड चार बोटे वर उचलायला काही खर्च नव्हता. चित्र येते कुठून हाही प्रश्न आहेच. फुल एचडीची ब्लू-रे तबकडी चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते. इंटरनेटवरून येणारे ४के अनेकदा त्याच्या निम्म्यावर भागवते, आणि तेवढ्यात चौपट ठिपके रंगवायचे असतात. धूर, पाऊस, समुद्राची लाट आली की त्या काटकसरीचे चौकोन दिसू लागतात.

काही जाणकार उलट बाजूने अडवतात: कॉन्ट्रास्टला एवढे महत्त्व, तर माहितीपत्रकातला कॉन्ट्रास्टचा आकडा बघून यंत्र निवडावे का? नको. तो बहुधा एकदा पूर्ण पांढरे आणि एकदा पूर्ण काळे चित्र टाकून मोजलेला असतो, कित्येकदा काळ्याच्या वेळी दिवाच मंद करून. एकाच चित्रात दोन्ही असताना काय होते हे आठ पांढऱ्या आणि आठ काळ्या चौकटींच्या पटावर मोजतात, आणि तो आकडा काही शेकड्यांच्या पलीकडे क्वचित जातो. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर पडद्याचाच उजेड छतावर आदळून परत येतो आणि तोही खाली ओढला जातो. छताला पडद्याजवळ दोन-तीन फूट गडद रंग देणे हा घरच्या घरी करता येणारा सर्वांत परिणामकारक सुधार आहे, आणि घरातल्या माणसांना पटवायला सर्वांत कठीणही.

म्हणून पुढच्या प्रकरणांचा क्रम दुकानाच्या क्रमाच्या उलट लावला आहे. आधी खोली, तिचा उजेड आणि भिंती. मग पडद्याचे कापड आणि त्याचे माप. मग बसायचे अंतर, ज्यासाठी टेप घरातच असते. मग लुमेन, मग रंग, आणि रेझोल्यूशन त्यानंतर. यंत्र बघायला जाताना दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीवरचे फटाके आणि प्रवाळातले मासे दाखवले जातील. ते कुठल्याही प्रोजेक्टरवर सुंदर दिसतात. पेन ड्राइव्हवर एखादा सातबाराचा उतारा न्यावा, तो उघडायला सांगावा, आपल्या खोलीत जेवढा उजेड असतो तेवढा दिवा लावायला लावावा, आणि आपण जितक्या अंतरावर बसणार तितक्या अंतरावरून खातेदारांच्या रकान्यातली नावे वाचून पाहावीत, अनुस्वारांसकट.